दारातल्या तीन पायऱ्या

गुंजनताई,

तुले उठवलं नाई. पोहे झाकून ठेवले आहेत.

काल एसटीडीवरून अंदमानच्या हाटेलवाल्याले फोन केलता. तुही चाकाची खुर्ची बोटीत चढते का, खोलीले उंबरा आहे का, सारं विचारलं. त्यानं मलेच विचारलं, "घरून कशा निघतात त्या?"

"मी अन् धर्मेंद्र, दोघं उचलतो."

"अन् त्यायले एकटीनं जावंसं वाटलं तं?"

मी फोन ठेवून देला.

परवा तुले अंगणात बसाचं होतं. मी म्हटलं, धर्मेंद्र आल्यावर उचलू. मंग विसरलोच. चार वर्षं असंच चाललं, ताई.

तानबा मिस्त्रीले आणाले अल्लीपूरले चाललो. पायऱ्यायवर उतार करून घेतो. अंदमानले जाऊच. पण आधी तू एकटीच चौकात जाऊन येजो, मले न सांगता.

अमर