बाहेरचा बाण

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून सूड. मेहुण्यावर. शांत डोक्याने आणि फिजिक्सच्या मार्गाने.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे दया यायला नको. दोरीला बांधून गोल फिरवलेल्या दगडाचं गणित कन्येने मला विचारलं होतं. मी झटक्यात आकृती काढून दिली. एक बाण आत, तो दोरीचा ताण. एक बाण बाहेर, तो सेंट्रीफ्यूगल. चाचणीत मॅडमनी बाहेरच्या बाणावर लाल काट मारली आणि शेजारी लिहिलं, हे बल कोण लावतं? मार्क गेले. कन्येने सरळ मामाला फोन लावला. माझ्यासमोर! पहिलीपासून प्रत्येक गणित तिने मला विचारलंय.

मामा रस्त्यांची वळणं आखतो, म्हणून तो शहाणा. मी इतकी वर्षं लॉन्ड्री चालवतो. रोज ड्रायर फिरतो, रोज कपड्यांतलं पाणी बाहेर फेकलं जातं. आणि मला विचारतात, कोण लावतं.

५ ऑगस्ट, सकाळी
कन्येचं पुस्तक दुकानात आणलं. वर्तुळाकार गतीचा धडा उघडला. पहिलं पान वाचलं. सगळं येतंय. धडा पुढे वाचायची गरज नाही, थेट गणितं.

दुपारी
गणितं नंतर. मेहुण्याचे शर्ट धुवायला आलेत. सगळ्या कॉलरना दुप्पट स्टार्च मारला. मान वळवून दाखव म्हणावं आता. वळणं आखतो!

७ ऑगस्ट
पहिलं गणित स्वतःच तयार केलं. आमचा ड्रायर मिनिटाला नऊशे फेरे, ड्रमची त्रिज्या पाव मीटर. नऊशे गुणिले पाव. टॉवेलचा वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटर. म्हणजे जवळजवळ विमानाचा. मशीन चांगलंच निघालं, मला कल्पना नव्हती.

कन्येने जाता जाता वहीत डोकावून सांगितलं की मिनिटाचे सेकंद केले नाहीत आणि फेऱ्याचं रेडियनही केलं नाही. मी म्हटलं, ते मी मनात धरलंय. ती मामाला फोन करायला गेली.

सूत्र पाठ करायचं नाही, समजून घ्यायचं, असं ठरवलं. मग पाठच केलं.

१० ऑगस्ट, रविवार, सकाळी
मेहुणा जेवायला येतोय. आज त्याची अशी जिरवतो की परत वहीला हात लावणार नाही. पाण्याची बादली उभी गोल फिरवायची. उलटी झाली तरी पाणी सांडत नाही. का? बाहेरचा बाण ते धरून ठेवतो. पुरावा सगळ्यांसमोर. सराव केला नाही. आत्मविश्वास असला की सराव लागत नाही.

रात्री
मेहुणा आला तोच कॉलरची तारीफ करत. म्हणे ऑफिसात सगळ्यांनी विचारलं, यापुढे प्रत्येक शर्ट अस्साच हवा. स्टार्च महाग झालाय.

जेवणानंतर सगळ्यांना अंगणात उभं केलं. बादली फिरवली. थेंब सांडला नाही! कन्येच्या तोंडाचा आ झाला. मी फिरवतच राहिलो, कारण थांबायचं कसं याचा विचार केला नव्हता. खांदा भरून आला. बादली हळू झाली, नेमकी डोक्यावर असताना.

मेहुणा हसला असता तर बरं झालं असतं. त्याने टॉवेल आणून दिला आणि वर प्रेमाने समजावलं. "भाऊजी, तुमच्या ड्रायरमध्ये पाण्याला कोणी बाहेर ढकलत नाही. कपड्यांना ड्रम आत ढकलून वळवत राहतो. भोकापाशी पाण्याला वळवणारं कोणी नसतं, म्हणून ते सरळ निघून जातं."

माझ्याच ड्रायरबद्दल मलाच. कन्या त्याच्याकडे बघत होती, पूर्वी माझ्याकडे बघायची तशी. ते नाही सहन झालं.

११ ऑगस्ट
सर्दी. दुकानात ड्रायरपुढे बसून राहिलो. पाणी सरळ निघून जातं की काय ते बघितलं. दिसत काहीच नाही, झाकण असतं.

१३ ऑगस्ट
फक्त इथे लिहितो. बाहेरचा बाण नाही. दोन्ही बाण सारखे असते तर दगड सरळ गेला असता, वळलाच नसता. आज अख्खा धडा वाचला तेव्हा समजलं. मेहुण्याचं बरोबर निघालं, याबद्दल त्याला वेगळी शिक्षा मिळेल.

१६ ऑगस्ट
विजय! कन्या वही घेऊन आपणहून माझ्याकडे आली. म्हणाली, बाबा, हे सोडव ना. मी सोडवलं. ती लक्ष देऊन बघत होती, मध्ये मध्ये काहीतरी टिपून घेत होती. मेहुणा संपला. त्याच्या शर्टांचा स्टार्च बंद.

१९ ऑगस्ट
रोज येते. काल पाळण्याचं, आज पंख्याचं. मेहुण्याला मुद्दाम फोन करून तब्येत विचारली. आवाजात जरासुद्धा दुःख नव्हतं. लपवतोय.

२० ऑगस्ट
हिला सहज म्हणालो, पोरीला शेवटी बापच लागतो. ही भाजी निवडता निवडता हसायला लागली. खोदून विचारल्यावर बोलली. तिच्या भावानेच कन्येला सांगितलं होतं, "आधी बाबांकडून सोडवून घे. ते जिथे चुकतात तिथेच अर्धा वर्ग चुकतो. तेवढं टाळलंस की झालं."

म्हणजे ती टिपून घेत होती ते हे.

जेवलो नाही. नंतर जेवलो.

२१ ऑगस्ट
अंतिम सूड ठरला. आजचं गणित शंभर टक्के बरोबर सोडवायचं. चूकच सापडली नाही की मेहुण्याचा डाव मोडला. धडा येतो. बाण एकच, आत.

मग मनात आलं, बरोबर आलं तर उद्या ती माझ्याकडे कशाला येईल? पेन्सिल हातात धरून बराच वेळ बसलो. शेवटी ठरवलं, आली नाही तरी चालेल, पण मेहुण्याला सोडायचं नाही.

संध्याकाळी ती आली. वळणावरच्या गाडीचं गणित. माझ्याच खुर्चीच्या कडेवर टेकली, लहानपणी टेकायची तशी. गाडी काढली. रस्ता काढला. घर्षणाचा बाण आत काढला. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती, मी हं हं म्हणत होतो, आणि एकदम ती खुदकन हसली.

"बाबा, आला बघ तुझा बाण."

बघितलं. बाहेरच्या बाजूला, चांगला ठळक. कधी काढला कळलंच नाही.

मुद्दाम काढला. तिच्यासाठी.