मशेरीची सुट्टी

६ नोव्हेंबर २००६, सोमवार
नेहमीप्रमाणे अंबरनाथहून शेअर रिक्षाने कॅम्प तीनला. कारखान्यात शिरले तर जीन्सच्या ढिगावर भिंतीला नवी पाटी: 'मशेरी, बिडी सक्त मना'. कारण शिलाई मशीनवरची रेखा. पहिलटकरीण, सहावा महिना. शनिवारी दवाखान्यात तिच्यासोबत गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ हवं तसं वाढत नाही, आधी मशेरी सोडा. मी सेठला तेवढंच सांगितलं होतं. त्याने लगेच पाटी रंगवून आणली. मनाने चांगला आहे. पाटीखालीच उभा राहून सिगारेट ओढत होता.

७, मंगळवार
पाटीचा परिणाम: सगळ्या बायका मशेरी घेऊन संडासात. रांग जिन्यापर्यंत. कटिंग मास्तर उस्मानभाई म्हणाला, "सब का पेट एक साथ खराब?" मी मोठ्याने हसले. हे गेल्यापासून कारखान्यात पहिल्यांदाच.
रांगेत रेखाही होती.

९, गुरुवार
जेवताना रेखाला विचारलं, का गं सुटत नाही?
"ताई, मी लग्नाआधी कधी लावली नव्हती. आईची बघून किळस यायची. इथंच शिकले. मशेरीला जाते म्हटलं की मास्तर सोडतो. नुसती बसले तर ओरडतो. आता कंबर धरते, मग काय करू? आणि आता तलफपण लागते."
खरंच की. आमच्याकडे उठायचं ते मशेरीला, नाहीतर बिडीला. न लावणारी दिवसभर मशीनवर. मी इतकी वर्षं तशीच बसतेय.

१०, शुक्रवार
लाइट बंद, म्हणून कारखान्याला सुट्टी. फळी आवरली. ह्यांची बिडीची डबी पुसून परत जागेवर. ह्यांना जाऊन वर्ष होईल आता. तेही म्हणायचे, कंपनीत बिडी पेटवली की जरा पाठ टेकता येते. डॉक्टरांनी नको सांगितल्यावरसुद्धा…

११, शनिवार
सेठकडे गेले. म्हटलं, सेठ, पाटी काढा, सुट्टी द्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, सगळ्यांना. काही न लावता नुसतं बसायची.
"बाई, तुम बोलती भी हो?"
मग म्हणाला, "खाली बैठने का पगार दूँ?"
म्हटलं, "मशेरीला देताच की."
डोकं खाजवलं, मग हसला. पण अट घातली: महिनाभर बघणार. माल कमी निघाला तर बंद.
घरी येताना बडीशेप घेतली. बरं वाटलं.

१४, मंगळवार
सुट्टीची घंटा म्हणून सेठने घरून देवघरातली आणली. सगळ्या बसल्या. रेखाने पाय लांब केले. तोंडात काहीतरी हवं म्हणून मी बडीशेप भाजून नेली होती. उस्मानभाईने बिडी ड्रॉवरमध्ये टाकली, दिवसभर बडीशेप चावत होता. "बकरी बना दिया मेरे को."

२१, मंगळवार
रेखाच्या बोटाला काळं दिसलं. शेजारी जाऊन बसले. तीच म्हणाली, "आज एकदाच, ताई. सकाळी राहवलं नाही." दुपारी बडीशेप मागायला आली.

२५, शनिवार
सेठने आत सिगारेट पेटवली. रेखा मशीनवरूनच म्हणाली, "सेठ, धूर इकडे येतोय. बाळाला लागेल." सगळी मशिनं थांबली. सेठ मुकाट्याने जिना उतरून रस्त्यावर गेला. परत आला तो पेपरमिंट चघळत. उस्मानभाई: "सेठ, आप भी उम्मीद से हो क्या?" सेठच जास्त हसला.
माल कमी नाही. उलट शिलाईवर सुटे दोरे कमी राहतात म्हणे.

२ डिसेंबर, शनिवार
रेखा सातवा लागला म्हणून माहेरी, बदलापूर गावात. परवा दवाखान्यात बाळ थोडं भरल्याचं सांगितलं. अजून कमीच आहे. आई न्यायला आली होती. दात काळे, हसायला मोकळी. "अहो बाई, माझी सगळी बाळंतपणं मशेरीवरच झाली. घरात रोज तव्यावर भाजते, हिला वास आला की मागेल बघा."
मी रेखाला बडीशेप दिली, ह्यांच्या डबीत भरून. तिने ती आईच्या पिशवीत न टाकता हातातच धरली. रिक्षा वळेपर्यंत डबी दिसत होती.
सेठ म्हणाला, "मशेरी के बिना टिकेगी क्या?"
घरी आले. फळीवर डबीची जागा मोकळी. सोमवारसाठी बडीशेप मंद आचेवर भाजली, गार होऊ दिली, बरणीत भरली.