जमनीच्या गोंदणाचा ठसा

मी, शाल्मली श्रीकृष्ण उमरीकर, वय एकसष्ट, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार वणी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. आजार पोटात आहे. डोकं शाबूत आहे.

१. वणीचं राहतं घर धाकटा भाऊ साकेत याला द्यावं. वडील कचेरीत होते, आई मुकुटबनकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे जंगलातल्या आदिवासी वस्तीवरची. तिचं नाव जमनी. लग्नात तांदळात 'रजनी' लिहिलं, तेच पुढे चाललं. दिवाणखान्यातला तिचा फोटो मात्र उतरवावा. साकेतचं लग्न ठरत होतं तेव्हा त्याने स्टुडिओतून तिच्या कपाळावरचं गोंदण पुसून घेतलं. आईने फोटो हातात घेऊन विचारलं होतं, "हे कोन बाई हाय?"

२. छपाईचं यंत्र, पटाश्या, शाईचे रूळ आणि सगळे लाकडी ठसे साकेतची मुलगी आभा हिला द्यावेत. नागपूरच्या प्रदर्शनात मला 'आदिवासी कलाकार' म्हणाले, पोडावर 'साहेबाची पोरगी'. आई भिंतीवर काढायची ती हरणं आणि वडिलांचं वळणदार अक्षर मी एकाच सागाच्या फळीवर कोरत राहिले. मला दुसरं काही जमलं नाही.

३. त्यातला आईच्या चेहऱ्याचा ठसा आभाने वेगळा ठेवावा. शेवटी ती माझा हात धरून म्हणाली, "मले पोडावर नेजो. मातीत ठेवजो." मी साकेतला विनवलं. तो म्हणाला, "ताई, ऑफिसचे लोक येऊन बसलेत. आता जंगलात कुठे नेऊ?" वणीतच अग्नी दिला, राख नदीत सोडली. पोडावर न्यायला काही उरलं नाही.

मग मी तो ठसा कोरला. गोंदणाचे ठिपके काळे उमटायचे तर तेवढंच लाकूड राखून भोवतीचं सगळं काढावं लागतं. तिचं कपाळ कोरताना मला पुढचं दिसेना. पहिली छपाई घेऊन पोडावर गेले. मामेभाऊ गोपालने कपाळावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "आत्याच हाय," म्हणाला. आम्ही दोघांनी तो कागद तिच्या लुगड्यात गुंडाळून मसणवट्यात पुरला.

दुसरी छपाई साकेतची. भिंतीवर लावावी किंवा पेटीत ठेवावी, त्याची मर्जी. गोंदणाला हात लावू नये.

४. माझा देह पोडावर न्यावा. चालेल का, असं मी गोपालला विचारलं. तो म्हणाला, "आत्याच्या बाजूले जागा हाय. तू इचारतं कायले?" इतकी वर्षं मी सगळीकडे विचारूनच आत गेले होते. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

पहिली माती साकेतने टाकावी. तो आला नाही, तर त्याच्या वाटची आभाने टाकावी, आणि घरी गेल्यावर त्याला कोणी काही बोलू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) शाल्मली उमरीकर

साक्षीदार:
१. धम्मरत्न खोब्रागडे, शेजारी (सही)
२. विमलताई ठाकरे, शाळेतल्या सहकारी (सही)

ठिकाण: वणी, जि. यवतमाळ
दिनांक: ११ सप्टेंबर २०२४