केसभर लहान डिस्क

तात्या, तुम्ही गेलात तोवर आपल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत अंधार असायचा आणि दोरीवर ओले फोटो. आता तिथं कॉम्प्युटरची एक लोखंडी पेटी घुमत असते. लिनक्स म्हणून काहीतरी असतं, त्याच्यावर चालते म्हणे. आत दोन डिस्क आहेत. एकीवर जे जातं तेच दुसरीवर. इंदापूर तालुक्यातली कितीतरी लग्नं तिच्यात आहेत, तुमच्या जुन्या निगेटिव्हसुद्धा, स्कॅन करून घातलेल्या. एक मेली तरी दुसरी सांभाळते, असं माझ्या मुलीनं पेटी बसवताना सांगितलं होतं. ती पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते. तरी मी रोज आधी पेटीचे दिवे बघतो, मग देवापुढं दिवा लावतो. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेच.

मागच्या आठवड्यात एक दिवा लाल झाला, म्हणजे एक डिस्क मेली. आणि रविवारी वरकुट्याची एक मुलगी तिच्या लग्नाचं शूटिंग न्यायला येणार होती. तिचे वडील वारले. त्यांचा आवाज तेवढ्याच एका शूटिंगमध्ये उरलाय, पंगतीत आग्रह करतानाचा. आणि ते आता एकाच डिस्कवर. मेलेली पिशवीत घालून बारामती गाठली, त्याच मापाची नवी आणली. कंपनी वेगळी होती. दुकानदार म्हणाला, "आबा, लेबल वाचा की. आकडा त्योच हाय."

आकडा तोच होता, पण पेटी तिला घेईना. मुलीनं पुण्यातून पाहिलं आणि फोनवर म्हणाली, "बाबा, लेबल सारखं असलं तरी नवी केसभर लहान आहे. उरलेल्या जुनीवरची मांडणी आपण अगदी कडेपर्यंत केलीय, ती हिच्यात मावत नाही. थांबा, जुनीचीच मांडणी थोडी आवळून घेते. अर्ध्या तासाचं काम."

तात्या, तिथं मला तुमचा हात आठवला. वडगाव निंबाळकरच्या एका घरचा फोटो आहे, चौकट लहान निघालीय आणि मी पातं घेऊन फोटोची कड कापायला बसलोय. तुम्ही माझं मनगट धरता. "येड्या, चौकट दुसरी मिळंल. ह्यो कडंला हुबा म्हातारा मिळंल का दुसरा?" मग तुम्ही मोठी चौकट आणलीत, आणि उरलेल्या जागेत काळा कागद लावलात.

मी मुलीला म्हणालो, "न्हाय. उरलेल्या एकुलत्या एकीला हात लावायचा न्हाय. मी मोठी आणतो."

"मोठीतली जास्तीची जागा रिकामी पडेल हं. जोडी लहानीच्याच मापानं चालते."

"पडू दे."

ती हसली. "मला वाटलं, तुम्ही घाबराल."

"घाबरलोय म्हणूनच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या त्या दुकानदारानं मला दारातच गाठलं. "आबा, काल तर बरोबर व्हती. रात्रीतनं आटली का काय?"

"तुझ्या लेबलावर न्हाय आटली, माझ्या पेटीत आटली. मोठी दे."

मोठी डिस्क पेटीनं मुकाट घेतली आणि जुनीवरचं सगळं दिवसभर तिच्यात भरत राहिली. मी जेवायला घरी गेलो नाही. जुनीनं मध्येच मान टाकली तर, या धास्तीनं दिव्यांसमोरच बसून राहिलो. पण आपलं चुकलं असं एकदाही वाटलं नाही. दिवेलागणीला दोन्ही दिवे हिरवे झाले. रविवारी ती मुलगी आली. पडद्यावर तिचे वडील ताट घेऊन वाकले, "घ्या की पाव्हणं, लाजताय काय!" तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "काका, पुन्हा एकदा लावा."

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. दिवे हिरवे झाल्यावर मी आधी वरकुट्याचं लग्न उघडलं नाही. कन्हेरीच्या एका लग्नाचा जुना फोटो उघडला, मी तुमच्याकडं शिकत होतो तेव्हा काढलेला. त्यात अगदी कडेला तुम्ही अर्धेच आला आहात, हात वर करून पोरांना मागं सारताना. तो बघून तुम्ही चिडला होता. "मला काप त्यातनं," म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी विचारलंत तेव्हा मी म्हणालो, "कापलं, तात्या."

कापलं नव्हतं.