पाहुण्यांचा गॅस

बेंगळुरू

ती. आईस,
कावेरीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी हाय, वेळेवर जेवते. काल इथं बारा प्राध्यापकांच्या सभेत तुझी लेक बोलली. "ज्या घरात गॅस आला, त्या घरातला धूर गेला," असं मी ठासून सांगितलं. टाळ्या लई पडल्या.

खोलीवर येऊन तुला फोन केला, तर तू खोकत म्हणालीस, "चुलीवर भाकरी टाकलीय."

"अन् गॅस?"

"त्यो पाहुण्यांसाठी हाय."

आई, मी भर सभेत खोटं बोलले की गं! उद्या परत बोलायचंय, तेव्हा तुझंच सांगणार.

खोकला कधीपासून हाय? वीरेशदादासोबत केजच्या दवाखान्यात जा. अन् त्या गॅसला पाहुणंच लागत असेल, तर मी येईपर्यंत तूच पाहुणी हो.

तुझी,
कावेरी