आबांच्या घोंगडीतलं भोक

रविवार, संध्याकाळ

कंपनीला सुट्टी, म्हणून गावातल्या संग्रहालयात जाऊन आलो. आबा गेल्यावर, कसर लागेल म्हणून, त्यांची घोंगडी मीच तिथं दिली होती. एवढी घाई कशाला केली?

मेंढरांमागं फिरताना शेकोटीची ठिणगी पडून तिला भोक पडलं होतं. लहानपणी रानात झोपताना मी त्या भोकात बोट घालायचो. डोळे मिटूनही कळायचं, आपले वडील शेजारी आहेत.

आज काचेमागं टांगलेल्या घोंगडीत ते भोक सापडेना. तिथले राखणदार मामा कौतुकानं म्हणाले, "रफू करून घेतलं. आता वळखू येतं का, कुठं व्हतं?"

"न्हाई," म्हणालो.

काचेवरूनच बोट फिरवत राहिलो. मामांना वाटलं, धूळ पुसतोय.