माफीच्या यादीतलं नाव

१३ जुलै, रविवार

पोहोचले. आधी बोट, मग बस, मग जवादच्या गाडीत मागे कांद्याच्या पोत्यांना टेकून. अंग नुसतं आंबून गेलंय.

आई दारातच उभी होती. मी अगदी दोन हातांवर आले तरी तिने ओळखलं नाही. "आई" म्हटलं, तेव्हा ओळखलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. फोनवर म्हणायची, "जरासं धुरकट दिसतं गं." जरासं! अँटवर्पच्या वृद्धाश्रमात मी रोज परक्यांच्या आयांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालते, आणि माझी आई चाचपडत चुलीपर्यंत जाते. लाज वाटली स्वतःची.

तीन आठवड्यांची रजा आहे. ठरवूनच आलेय — आईचं ओळखपत्र नवं करायचं, खाली अल-होसीमा शहरात डोळ्यांचं ऑपरेशन, मग पासपोर्ट. माझ्या लग्नाला ती नव्हती. लीना नऊ वर्षांची झाली, तिने आजी फक्त फोनमध्येच पाहिलीय. ह्या वेळी आईला नेण्याची तयारी केल्याशिवाय परत जायचं नाही.

आडवं कोण येणार तेही माहीत आहे. बाबा.

१४ जुलै, सोमवार

जवाद — माझा चुलतभाऊ, आता सहकारी संस्थेचा चिटणीस! खिशाला दोन पेनं लावून फिरतो. त्याच्यासमोर माझं पितळ उघडं पडलं. बोटीवर एका फ्रेंच जोडप्याने मला विचारलं होतं, "तुमच्या देशात गांजा आता कायद्याने चालतो ना?" मी ऐटीत म्हणाले, "हो तर! आमच्याच डोंगरात पिकतो. या की."

जवादने कपाळावर हात मारला. "इल्हाम, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालीस बघ. ओढायला नाही, खिशात ठेवायला नाही, विकत घ्यायला तर नाहीच. परवाना असेल त्यानेच लावायचा, तोही तीनच जिल्ह्यांत, तोही संस्थेलाच घालायचा. औषधाला आणि कापडाला. बाकी सगळं होतं तसंच."

"मग बदललं काय?"

"बदललं हे, की मी आता रात्री झोपतो."

त्या जोडप्याचं काय झालं असेल देव जाणे. पंचवीस वर्षं ह्या पिकाच्या वासात वाढले, आणि कायदा मला पाहुण्यासारखा दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतोय.

पण एक गोष्ट नीट विचारून घेतली. गेल्या वर्षी माफी झाली — गांजा लावला म्हणून ज्यांच्यावर खटले होते, ज्यांच्या नावावर पकडवॉरंट होतं, अशा हजारो लोकांना. खालच्या वाडीतली किती तरी माणसं मोकळी झाली, शहरात जाऊन ओळखपत्रं काढून आली. बाबा गेले नाहीत. सोळा वर्षं झाली, कुणीतरी शेताबद्दल निनावी तक्रार केली आणि बाबा फरारी झाले. तेव्हापासून डोंगराखाली पाऊल नाही. त्यांचं नाही ते नाही, आईचंही नाही! म्हणे, "पोलीस नाक्यावर तुला विचारतील नवरा कुठाय. तुला खोटं बोलता येतं का?"

येत नाही, हे खरंच. पण म्हणून सोळा वर्षं?

१५ जुलै

बाबांना विचारलं, शहरात कधी जायचं. म्हणाले, "अंजीर खा. ह्या वर्षी गोड आहेत."

१७ जुलै, गुरुवार

आज जवाद परवान्याचा अर्ज घेऊन आला. पुदिन्याचा चहा झाला, ऑलिव्हच्या तेलात बुडवून भाकरी झाली. बाबा खुशीत होते. त्यांना संस्थेत घ्यायचं, शेत कायद्यात आणायचं, असा माझा नि जवादचा बेत. बाबा सगळ्याला मान डोलवत होते. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं!

मग जवाद एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "इथे जमिनीच्या मालकाची संमती. म्हणजे रहिमू काकूंची. आणि त्यांचं ओळखपत्र."

शेत आईचं आहे, तिच्या वडिलांकडून आलेलं. आजोबांना मुलगा नव्हता. सगळी वाडी बाबांच्या नावाने "शुऐबचं शेत" म्हणते, आईसुद्धा तेच म्हणते. कागदावर मात्र आई.

बाबांनी चहाचा पेला खाली ठेवला. "नको तो परवाना," म्हणाले, आणि उठून शेळ्यांकडे गेले.

जवाद म्हणाला, "बायकोच्या सहीवर पीक घ्यायचं म्हणजे जड जातंय काकांना."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही! अडुसष्ट वय, दात चार, पण नाव आपलंच वर पाहिजे. मी आईसमोर हे बोलले तर आई हसली. म्हणाली, "असू दे गं. सोळा वर्षं रानात झोपलाय माणूस."

तिला राग का येत नाही? मला तिच्या वाटचाही येतो.

१९ जुलै, शनिवार

सकाळी जीप आली. खाली वळणावर धूळ दिसली मात्र, बाबा ओरडले, "रहिमू, चाचीकडे!" आणि स्वतः वर पळत सुटले.

हा आमच्या घरचा जुना नियम. जीप दिसली की आईने खाली मलिका चाचीच्या घरी जायचं — तिथे सगळ्या बायकाच, पोलीस आत शिरत नाहीत — आणि बाबांनी उघड्यावरून, सगळ्यांना दिसतील असे, डोंगर चढायचा. मी इथे होते तेव्हापासून म्हणते, लपायचंय तर झाडीतून जावं, असं बोडक्या उतारावरून काय पळतात! पण त्यांचं तंत्र त्यांनाच ठाऊक.

जीप परवान्याच्या खात्याची निघाली. दोन तपासनीस आणि एक कॅमेरा. जवादच्या शेतातली रोपं मोजायला आले होते. मोजली, ताक प्यायले, गेले.

बाबा दुपारी परत आले. एका पायात चप्पल नाही, गुडघा सोललेला. मी जखम धुतली. वृद्धाश्रमात रोज असे गुडघे धुते. आज बाबांचा. पोटरी किती बारीक झालीय त्यांची.

"बाबा, आता कुणी तुम्हाला पकडायला येत नाही."

"दुधाने तोंड पोळलेला मी, पोरी. ताक फुंकूनच पिणार."

ते हसले. मलाही हसू आलं. मग आई चाचीकडून आली, भिंतीला हात लावत, एकेक पायरी पायाने चाचपत. माझं हसू गेलं.

२० जुलै

लीनाचा फोन. आईने फोन हातात घेऊन पडद्यावर बोटं फिरवली. "नाक कुणासारखं आहे?" तिने मला विचारलं. नऊ वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं. म्हणजे ती इतके दिवस नुसतं "छान दिसते, छान दिसते" म्हणत होती.

२२ जुलै, मंगळवार

बोलू नये ते बोलले.

सकाळी मी सरळ सांगितलं, मी आईला घेऊन उद्या शहरात जाते. तुम्ही नका येऊ. तुमचं नाव यादीत असेल नाही तर नसेल, तिला काय त्याचं? नाक्यावर विचारलं नवरा कुठाय, तर मी सांगेन घरी आहे, माफी झालीय.

बाबा दारात उभे राहिले. "ती जायची नाही."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

मग माझा तोल सुटला. मी म्हणाले, "फरारी तुम्ही आणि कैद आईला! तुम्हाला एकट्याला भीती वाटते म्हणून तिला खुंटीला बांधून ठेवलीत. माझ्या लग्नाला येऊ दिली नाहीत. माझं बाळंतपण मी परक्या नर्सचा हात धरून केलं. आता तिचे डोळे चाललेत तरी तुमचं तेच. असला कसला नवरा?"

आई म्हणाली, "इल्हाम, पुरे."

बाबा दारातून बाजूला झाले नाहीत. म्हणाले, "बाळंतपणात तुझ्याजवळ कुणीच नव्हतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

मी गच्चीवर जाऊन रडले. राग त्यांच्यावर होता, पण रडू वेगळंच होतं. मला आठवत होतं, लहानपणी ताप आला की हाच माणूस मला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत डोंगर उतरायचा.

२३ जुलै

बोलणं बंद. मी त्यांच्याशी, ते सगळ्यांशी. आई दोघांना वाढते.

२५ जुलै, शुक्रवार

नमाज झाली, सगळे एका थाळीभोवती कुसकुस खायला बसलो. बाबांनी थाळीतला मटणाचा तुकडा बोटाने माझ्या बाजूला सरकवला. लहानपणापासून त्यांची समजूत घालायची तीच रीत. मी खाल्ला. भांडण मिटलं, निदान वरवर.

मग आई हात धुवायला उठली आणि बाबा हळूच म्हणाले, "ती माफी. तुझ्या फोनात आहे का लिहिलेली? वाचून दाखव."

मी वाचली. त्यांनी परत वाचायला लावली.

"ज्याला अजून पकडलंच नाही, त्यालाही?"

"त्यालाही. ज्याच्यावर नुसतं वॉरंट आहे, त्यालाही."

"कुणीही असो?"

"कुणीही असो, बाबा."

"आणि कोर्टात विचारायला गेलं, आणि नाव राहूनच गेलं असेल तर? विचारणाऱ्याला तिथेच बसवून ठेवतील?"

ह्याचं उत्तर मला नीट येत नव्हतं. जवादला फोन केला. तो म्हणाला, घरचं माणूसही चौकशी करू शकतं, खालच्या वाडीत एकाचा मुलगाच गेला होता. मी म्हटलं, मग मी जाते ना तुमच्यासाठी. बाबा म्हणाले, "नाही. मीच जाईन."

विश्वासच बसेना. मी बोलले ते चुकलंच होतं, पण कुठेतरी लागलं म्हणायचं. लागलं ह्याचंही वाईट वाटतंय.

२६ जुलै

आईने बाबांचा पांढरा जेलाबा, तो ठेवणीतला पायघोळ झगा, पेटीतून काढला. सोळा वर्षांच्या घड्या. वाफ देऊन देऊन सरळ केला. डोळ्यांना दिसत नसताना ती इस्त्री फिरवत होती, मी फक्त जवळ बसले होते.

"घाबरलीयेस?" मी विचारलं.

"मी कशाला घाबरू? माझ्यावर काय आहे? त्यालाच धरतील ह्याची धास्ती." मग म्हणाली, "तुला वाटतं त्याने मला अडवलं. अगं, मलाच त्याला एकटं सोडवत नव्हतं. रात्री रानात असला की सकाळी ऊनऊन भाकरी लागायची त्याला."

मी जेलाब्याची बाही ताणून धरली.

२८ जुलै, सोमवार

बाबा पहाटे जवादबरोबर गेले. दाढी करून, नवी चप्पल घालून. मी बरोबर येते म्हटलं तर, "तू आईजवळ थांब. आणि तिला घराबाहेर सोडू नकोस, मी येईपर्यंत." आजच्या दिवशीही हुकूम सोडायचा सोडला नाही!

निघताना आईचा हात नुसता धरून उभे राहिले. आमच्याकडे पोरांसमोर कुणी असा हात धरत नाही. जवाद तोंड फिरवून गाडी पुसत बसला.

आई दिवसभर उंबऱ्यावर. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वळवते. दुपारी जवादचा फोन, "नाका ओलांडला. कार्ड बघितलं, म्हणाले, आजोबा, कार्ड जुनं झालंय, नवं काढा. बस." मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा म्हणाले त्याला?" आणि डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावून बराच वेळ हसत राहिली. रडतही होती.

तिसऱ्या प्रहरी पुन्हा फोन. माफ झालंय! कागद मिळालाय! मी ओरडलेच. मलिका चाची धावत आली, तिने आनंदाची किलकारी दिली ती पलीकडच्या डोंगरावरूनही ऐकू गेली असेल.

संध्याकाळी बाबा आले. सरळ विहिरीवर जाऊन तोंड धुतलं, जेवले, आणि आडवे झाले. कागद दाखवा म्हटलं तर म्हणाले, "उद्या."

२९ जुलै, मंगळवार

आई पीठ मळत होती. बाबांनी कागद माझ्या हातात दिला, हळूच. बाबांचं नाव त्यावर कुठेच नाही. रहिमू बिन्त अल्लाल, शेताची मालकीण, वर्ष २००९ पासून फरारी, आता माफ. सोळा वर्षं आईला पकडायला येत होते.

"वाच की मोठ्याने," आई म्हणाली. "काय लिहिलंय तुझ्या बाबांबद्दल?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको अशी.

मी मोठ्याने वाचलं, "शुऐब वल्द हद्दू, माफ."

"सुटला बाई एकदाचा," आई म्हणाली, आणि पीठ झाकून मला विचारलं, "मग आता मला नेशील डोळे दाखवायला?"